निमित्त तुटीचं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन, तिथल्या विधानभवनात आतून संगमरवर आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्या संगमरवरावर हातांनी रंगवलेले शेकडो फलक लागले होते, आणि ते लावायला आंदोलकांनी रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी आणली होती. ही पट्टी ओढली की निघते, मागे डाग राहत नाही. घुमटाखाली रात्री माणसं झोपायची जागा शोधत फिरत होती, दिवसभर ढोल वाजत होते, इजिप्तमधल्या कुणीतरी फोन करून आंदोलकांसाठी पिझ्झाचे पैसे भरले होते. एवढ्या गदारोळातही भिंत खराब होऊ नये याची काळजी घेणारी ही गर्दी होती शिक्षकांची, नर्सांची, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांची, बर्फ उपसणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांची. उद्या ती भिंत पुसायला येणारा सफाई कामगार आपल्यातलाच आहे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

विस्कॉन्सिनचे नवे रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी ११ फेब्रुवारीला एक विधेयक पुढे केलं. नाव होतं अंदाजपत्रकाच्या दुरुस्तीचं. पुढे ते ‘ॲक्ट १०’ म्हणून देशभर गाजलं. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या होत्या. पहिली पैशांची: सरकारी कर्मचाऱ्यांनी पेन्शनसाठी पगाराचे साधारण ५.८ टक्के आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यातले किमान १२.६ टक्के स्वतः भरायचे. वर्षाला ५०,००० डॉलर मिळवणाऱ्या शिक्षिकेच्या हातातून नुसत्या पेन्शनपोटी २,९०० डॉलर जाणार. दुसरी गोष्ट हक्कांची: युनियनने फक्त मूळ पगारावर बोलायचं, तेही महागाईच्या दरापर्यंतच. त्याहून जास्त वाढ हवी असेल तर मतदारांचा कौल घ्यायचा. वर्गात मुलं किती, कामाचे तास किती, बदली कशी, तक्रार कुणाकडे न्यायची, यावर वाटाघाटी बंद. युनियनची वर्गणी पगारातून कापणं बंद. शिवाय दरवर्षी निवडणूक घेऊन युनियनने आपलं अस्तित्व पुन्हा सिद्ध करायचं.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तूट खरी होती. पण कायद्याचं लक्ष्य तूट नव्हती.

आधी तूट. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि पुढच्या वर्षभरात अमेरिकेतली बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली. घरांचे भाव पडले. नोकरी नसलेला माणूस आयकर भरत नाही, नवी गाडी घेत नाही, म्हणून विक्रीकरही आटतो. वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार अशा वेळी कर्ज काढू शकतं. राज्यांना ती मुभा नाही, कारण जवळजवळ प्रत्येक राज्याला दैनंदिन खर्चाचं अंदाजपत्रक तोंडमिळवणी करूनच मांडावं लागतं. म्हणजे उत्पन्न घटतं त्याच वर्षी बेकारभत्ता आणि गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च फुगतो, आणि त्याच वर्षी जमाखर्च जुळवायचा असतो. ओबामा सरकारच्या २००९ च्या ७८७ अब्ज डॉलरांच्या पॅकेजमधून राज्यांना काही काळ टेकू मिळाला. २०११ मध्ये तो टेकू निघत होता, आणि नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत टी पार्टी या कर आणि सरकारी खर्च यांच्या विरोधातल्या उजव्या चळवळीच्या लाटेवर निवडून आलेले गव्हर्नर नेमके त्याच वेळी खुर्चीत बसले. विस्कॉन्सिनपुढे दोन वर्षांसाठी ३.६ अब्ज डॉलरांची तूट दिसत होती. हा आकडा काही वॉकर यांनी रचलेला नव्हता. पण तो मॅडिसनच्या शिक्षकांनीही तयार केलेला नव्हता. तो तयार झाला होता गहाणखतांच्या कर्जांवर जुगार खेळणाऱ्या बँकांमध्ये, आणि त्या बँकांना सावरायला ७०० अब्ज डॉलरांची तरतूद करताना त्यांच्या अधिकाऱ्यांचे बोनस हा करार आहे, करार मोडता येत नाही, असं सांगितलं गेलं होतं. दोन वर्षांनी शिक्षकांचा करार मात्र मोडता येण्याजोगा निघाला.

पेन्शनचा बोजा राज्याला बुडवतोय, असं तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं. इलिनॉय आणि न्यू जर्सीबद्दल ते बऱ्याच अंशी खरंही होतं. विस्कॉन्सिनचा पेन्शन फंड मात्र देशातल्या सर्वांत भक्कम फंडांपैकी एक होता. देणी आणि ठेवी यांचा मेळ जवळजवळ पूर्ण बसत होता. रोग इलिनॉयला होता आणि शस्त्रक्रिया शेजारच्या घरात चालू होती.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. आंदोलन पेटल्यावर आठवडाभरातच मोठ्या युनियनांच्या नेत्यांनी जाहीर केलं की पेन्शन आणि विम्याचे पैसे आम्ही भरतो, मागितलेत तेवढे भरतो, फक्त वाटाघाटींचा हक्क ठेवा. सरकारला जी रक्कम हवी होती ती टेबलावर आली होती. गव्हर्नरनी नकार दिला. ज्याला खरोखर पैसेच हवे असतात तो अशा वेळी पैसे घेतो आणि वर विजयही मिरवतो.

मग आला तो प्रसिद्ध पेच. राज्याच्या सिनेटमध्ये ३३ पैकी १९ रिपब्लिकन. पैशाच्या विधेयकाला किमान २० सदस्य हजर लागतात. १७ फेब्रुवारीला चौदाही डेमोक्रॅट सिनेटर गाड्यांत बसून सीमेपलीकडे इलिनॉयमध्ये निघून गेले, कारण राज्याचे पोलीस त्यांना तिथून धरून आणू शकत नव्हते. तीन आठवडे सगळं अडलं. आपल्याकडे आमदारांना रिसॉर्टमध्ये ठेवतात ते सरकार पाडायला किंवा वाचवायला. इथे चौदा जण अंदाजपत्रक अडवायला हॉटेलात राहिले. शेवटी ९ मार्चला रिपब्लिकनांनी तोड काढली. विधेयकातला जो भाग नियमाने वित्तीय ठरत होता तो वेगळा काढला, उरलेल्याला वीसची अट लागत नाही असं म्हटलं आणि १८ विरुद्ध १ मतांनी ते संमत केलं. पेन्शन-विम्याच्या कपातीचं कलम त्यात राहिलं होतं, तेव्हा हा भाग अगदी बिनपैशाचा होता असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण वाटाघाटींचा हक्क काढण्याबद्दल महिनाभर जे चाललं होतं की हे केवळ तुटीसाठी आहे, त्याचं काय झालं? वित्तीय भाग बाजूला काढून ठेवता आला आणि हक्कांची छाटणी मात्र थांबवता आली नाही. सिनेटमधले रिपब्लिकन नेते स्कॉट फिट्झगेराल्ड यांनी त्याच दिवशी फॉक्स न्यूजवर उरलंसुरलं सांगून टाकलं. ही लढाई जिंकली आणि युनियनांच्या हाती पैसा राहिला नाही, तर ओबामांना विस्कॉन्सिन जिंकणं बरंच अवघड जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. (२०१२ मध्ये ओबामा तिथे जिंकले. २०१६ मध्ये ट्रम्प २३,००० हूनही कमी मतांनी जिंकले. फिट्झगेराल्ड यांचा हिशेब एक निवडणूक उशिरा जुळला, असं म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.)

वॉकर यांच्या डोक्यात काय होतं हेही लपून राहिलेलं नाही. डेव्हिड कोक या धनाढ्य देणगीदाराचं सोंग घेऊन एका पत्रकाराने त्यांना फोन केला आणि गव्हर्नर वीसेक मिनिटं मोकळेपणी बोलत राहिले. विधेयक जाहीर करण्याच्या आधी मंत्रिमंडळाला जेवायला बोलावून आपण रेगन यांचा फोटो दाखवला, असं त्यांनी त्यात सांगितलं. रेगन यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या हवाई वाहतूक नियंत्रकांना काढून टाकलं, बर्लिनच्या भिंतीला पहिली चीर तिथेच गेली, आणि आता आपली वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. ११,००० हून अधिक नियंत्रक एका फटक्यात घरी गेले होते. त्यांच्याच युनियनने आदल्या वर्षी रेगन यांना पाठिंबा जाहीर केला होता, हा भाग जेवणाच्या टेबलावर निघाला की नाही कोण जाणे. नियंत्रकांचा संप कायद्याविरुद्ध होता, हे रेगन यांच्या बाजूने म्हणता येईल. विस्कॉन्सिनच्या कर्मचाऱ्यांनाही संपाचा हक्क नव्हता आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: समोर बसून बोलण्याची मुभा. ती १९५९ मध्ये देशात सर्वांत आधी याच राज्याने दिली होती. सरकारी कर्मचाऱ्यांची ‘ॲफ्स्मी’ ही अवाढव्य युनियनही १९३२ मध्ये याच मॅडिसन गावात जन्मली. म्हणून तर हे राज्य निवडलं गेलं. किल्ला पाडायचा तर राजगडच पाडावा, टेहळणीची चौकी कशाला.

इथवर सगळं युनियनच्या बाजूचं झालं. पण मग एक प्रश्न उरतो आणि डाव्या लेखकांना तो आवडत नाही. लोकांना हे पटलं का? कारण पटलं होतं. जून २०१२ मध्ये वॉकर यांना परत बोलावण्यासाठी निवडणूक झाली, तेव्हा ते ५३ टक्के मतं घेऊन टिकले. अशा निवडणुकीतून तरलेले अमेरिकेच्या इतिहासातले ते पहिले गव्हर्नर. युनियनवाल्या घरांतूनही तिघांत एकाहून अधिक मत त्यांना पडलं.

मॅडिसनच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर जेन्सविल नावाचं गाव आहे. तिथे जनरल मोटर्सचा १९१९ पासून चाललेला कारखाना होता. २००८ च्या नाताळच्या दोन दिवस आधी त्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. ताशी २८ डॉलर मिळवणारा माणूस तिथून बाहेर आला तो निम्म्या पगाराच्या कामासाठी रांगेत उभा राहिला. त्याचीही युनियन होती, चांगली जबरी होती, पण कारखानाच नाही तर युनियन कुणाशी भांडणार? आता त्याच्या गल्लीतल्या शाळेतल्या शिक्षिकेला पेन्शन आहे, विमा आहे, आणि ते त्याच्या घरपट्टीतून जातंय. वॉकर यांनी शपथ घेण्याआधीच हे नेमकं हेरलं होतं. सरकारी नोकर म्हणजे ‘आहे रे’, आणि त्यांची बिलं भरणारे करदाते ‘नाही रे’, अशी त्यांनी मांडणी केली. वर्गसंघर्षाची भाषा, फक्त वर्ग वेगळे. वॉल स्ट्रीट या चित्रात कुठेच नाही. बेकार कामगार एका बाजूला, बालवाडीची बाई दुसऱ्या बाजूला. एका अब्जाधीश देणगीदार बाईंशी बोलताना वॉकर ‘फोडा आणि झोडा’ या अर्थाचे शब्द बोलून गेले. त्याचं चित्रीकरण पुढे वर्षभराने बाहेर आलं.

या भावनेला मराठीत तयार शब्द आहे: सरकारचे जावई. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत महाराष्ट्रातले लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा तो जितक्या वेळा ऐकला तितका आधी कधी ऐकला नव्हता. बोलणारे सगळे उद्योगपती नव्हते. रिक्षावाले होते, कंपनीत कंत्राटावर काम करणारे होते, कोविडात दुकान बंद पडलेले होते. आपला आणि अमेरिकेचा प्रश्न एक नाही, आपल्याकडच्या कायम नोकरीची खात्री तिथल्या कर्मचाऱ्याला ठाऊकही नाही. पण शेजाऱ्याच्या ताटातली पोळी आपल्या ताटातून गेली असं वाटणं दोन्हीकडे सारखंच.

अमेरिकेत हे वाटणं कधी पेटलं, ते आकड्यांत दिसतं. गेल्या शतकाच्या मध्याला तिथला जवळजवळ तिसरा कामगार युनियनमध्ये होता. २०१० मध्ये खासगी क्षेत्रात ६.९ टक्के उरले होते आणि सरकारी क्षेत्रात ३६.२ टक्के. २००९ मध्ये पहिल्यांदाच एकूण युनियन सदस्यांत सरकारी जास्त आणि खासगी कमी, असं झालं. म्हणजे पूर आला आणि एकच टेकाड पाण्याबाहेर राहिलं. टेकाडावरच्यांनी तेव्हा विचार करायला हवा होता की बुडालेल्यांना आपण कसे दिसतो. बहुतेक ठिकाणी तो झाला नाही. आपला करार, आपली सेवाज्येष्ठता, आपली पेन्शन, एवढ्यावर नेत्यांचं लक्ष राहिलं. कपात आली की नव्या, तरुण शिक्षकाला आधी घरी पाठवायचं, मग तो कितीही चांगला शिकवो, हा नियम पालकांना समजावून सांगताना मी तरी अडखळलो असतो.

आणखी एक अडचण मान्य करायला हवी. कारखान्यात कामगार आणि मालक समोरासमोर असतात, आणि मालकाच्या खिशाला चाट बसते म्हणून तो घासाघीस करतो. सरकारी टेबलावर पलीकडे बसलेला माणूस निवडून आलेला असतो, कधी याच युनियनच्या मदतीने आलेला असतो, आणि तो जे कबूल करतो ते त्याच्या खिशातून जात नाही. कामगारांचे कैवारी मानले गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीच १९३७ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय की सामूहिक वाटाघाटींची नेहमीची पद्धत सरकारी सेवेत जशीच्या तशी लावता येणार नाही. हे वाक्य रिपब्लिकनांना आता तोंडपाठ आहे. आज पगारवाढ दिली तर आज कर वाढवावा लागतो. पेन्शन वाढवून दिली तर बिल वीस वर्षांनी येतं, तेव्हा आपण पदावर नसतो. दोन्ही पक्षांच्या राजकारण्यांनी हा सोपा मार्ग धरला आणि इलिनॉयसारख्या राज्यांनी तर कबूल केलेली रक्कम फंडात भरलीच नाही. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्याचा वाटा दर महिन्याला कापला जात होता, हे मात्र विसरू नये. बुडवणारा सरकार होता आणि ‘लोभी’ कर्मचारी ठरला. डेट्रॉइटने २०१३ मध्ये दिवाळं काढलं तेव्हा पालिकेतून निवृत्त झालेल्या साध्या माणसांच्या पेन्शनला कात्री लागली. जन्मभर कचरा उचललेल्या माणसाने शहराच्या बाँडची जोखीम कधी पत्करली होती?

उलट १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होतं, तेव्हा शेवटच्या क्षणी शिक्षकांच्या पेन्शन फंडाने १५ कोटी डॉलरचे रोखे घेऊन शहर वाचवलं. म्हातारपणाची पुंजी पणाला लावणारे हे ‘जावई’. वाटाघाटींचं टेबल शाबूत असतं तेव्हा असेही सौदे होतात. रूझवेल्ट यांच्या शंकेचं उत्तर टेबल मोडणं हे नाही. त्यावरचे व्यवहार उघडे करणं, कबूल केलेली पेन्शन त्याच वर्षी फंडात भरायची सक्ती करणं, हे आहे. ॲक्ट १० ने यातलं काही केलं नाही.

त्याने जे केलं त्यात दरवर्षीची फेरनिवडणूक मला सर्वांत जास्त खटकते. युनियनला टिकायचं तर झालेल्या मतांपैकी नव्हे, गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के मतं हवीत. जो मत देत नाही तो विरोधात धरला जातो. हाच गज वॉकर यांना लावून पाहा. २०१० मध्ये त्यांना साधारण ११ लाख ३० हजार मतं मिळाली, आणि राज्यातले प्रौढ चाळीस लाखांहून जास्त. त्यांच्याच नियमाने ते गव्हर्नर झाले नसते, कुणीच झालं नसतं. विस्कॉन्सिनमध्ये १४ टक्क्यांहून थोडे जास्त कामगार युनियनमध्ये होते, पाच वर्षांत ८ टक्क्यांच्या आसपास उरले. तोवर २०१५ मध्ये खासगी कामगारांच्या युनियनांवरही घाला आला. जेन्सविलच्या माणसाला शिक्षिकेची पेन्शन कापून काय मिळालं, हे कुणी त्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ओहायो राज्यातही जवळपास असाच कायदा झाला, पण तिथे पोलीस आणि अग्निशमन दलालाही त्यात घेतलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये मतदारांनी तो ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला. जळत्या घरातून मूल बाहेर काढणाऱ्या माणसाला लोभी म्हणणं जाहिरातवाल्यांनाही जमलं नाही. वॉकर जास्त हुशार निघाले. त्यांनी या दोघांना वगळलं. मॅडिसनमध्ये अग्निशमन दलाचे जवान आपला हक्क शाबूत असतानाही बॅगपाइप वाजवत मोर्चात सामील झाले, हे त्या महिन्यातलं सर्वांत देखणं दृश्य असावं. पण कायदा दृश्याने बदलत नाही.

हा सगळा दोष एका पक्षाच्या माथी मारणं सोयीचं आहे, खरं नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे पगार दोन वर्षं गोठवण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये ओबामांनीच आणला. २०१२ मध्ये शिकागोच्या शिक्षकांनी संप केला तो डेमोक्रॅट महापौर राम इमॅन्युएल यांच्याविरुद्ध. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन देशभरच्या सरकारी युनियनांची सक्तीची फी बंद केली, तेव्हा मात्र पाचही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाचे शिक्षक संपावर गेले. ट्रम्प यांना भरभरून मतं देणारं राज्य, संप बेकायदा, वाटाघाटींचा हक्क कधीच नव्हता. पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्यांत शाळा बंद. पण संपाआधी शिक्षकांनी एक काम केलं: शाळेतल्या जेवणावर जगणाऱ्या मुलांसाठी डबे आणि पिशव्या भरून ठेवल्या. आणि ५ टक्के वाढ नुसती आम्हाला नको, सगळ्याच सरकारी कर्मचाऱ्यांना द्या, असं म्हणत ते अडून राहिले. ती मिळाली. ज्यांच्याकडे कायद्याने काहीच नव्हतं त्यांनी, मॅडिसनमध्ये जे सुटलं होतं ते आधी हाती घेतलं: शेजाऱ्याला बरोबर घ्यायचं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉकर हरले, तेही टोनी एव्हर्स या एकेकाळच्या शिक्षकाकडून. कायदा मात्र हलला नाही. विधिमंडळ रिपब्लिकनांकडेच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये मॅडिसनच्या जिल्हा न्यायालयाने त्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. त्यावर अपील झालं आणि निकाल स्थगित राहिला. न्यायाधीशांचा मुद्दा पैशांचा नव्हताच. राज्याचे महामार्ग पोलीस ‘सार्वजनिक सुरक्षा’ या वर्गात बसतात म्हणून त्यांचे हक्क राहिले. मग विद्यापीठाचे पोलीस, जंगलातले रक्षक, आणि विधानभवनाचे पोलीस त्या वर्गात का बसत नाहीत, याचं समजेल असं उत्तर कुणाला देता आलं नाही. २०११ च्या हिवाळ्यात निळ्या पट्ट्यांनी चिकटवलेल्या त्या फलकांखाली रात्र रात्र उभं राहून ज्यांनी पहारा दिला, ते हेच विधानभवनाचे पोलीस.